शहराचा नकाशा कोण आखतो?

पाणी उताराला जावे तसे शहर आपोआप वाढते, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. रस्ता कुठून न्यायचा, कचेऱ्या कुठे बांधायच्या, कोणाचे शेत घ्यायचे, हे माणसेच ठरवतात. ती माणसे मोजकी असतात आणि बहुधा एकमेकांच्या उठबशीतली असतात.

नवी मुंबईचेच पाहा. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. कल्पना चांगली होती. सरकारने ती उचलली आणि मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतली ९५ गावे नकाशात आली. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. मंत्री, अधिकारी आणि नगररचनाकार एका टेबलाशी बसले. ज्याची जमीन जायची, त्या आगरी शेतकऱ्याला मात्र तिथे बोलावणे नव्हते.

सरकारी कचेऱ्याच पलीकडे न्याव्यात, म्हणजे धंदाही मागोमाग जाईल, असा मूळ बेत होता. पण त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून उंच इमारती उठत होत्या. तिथल्या जागांत गुंतलेल्या पैसेवाल्यांचे सरकारदरबारी वजन होते. मंत्रालय जागचे हलले नाही. शेतकऱ्याची जमीन मात्र गेली ती गेलीच.

मग शेतकऱ्यांनी आपली एकी उभी केली. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील पुढे झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले.

यातून आपण काय घ्यायचे? शहर तुमच्या शिवाराकडे सरकत असेल, तर भूसंपादनाच्या नोटिशीची वाट पाहू नका. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि ठरावीक मुदतीत हरकती मागवल्या जातात. नकाशात आपला गट नंबर शोधा. हरकत लेखी द्या, पोच घ्या. एकट्याने जाऊ नका, सारा गाव मिळून जा.

मोठ्यांची मोठ्यांशी ओळख असते. आपली ओळख म्हणजे आपली एकी.