ग्राइंडरचे गार्ड म्हणजे घराचा कठडा



भातकापणी उरकली की जव्हार, मोखाडा, डहाणूच्या पाड्यांवरची तरुण मुले कामाला बाहेर पडतात. कोणी वापीला, कोणी भिवंडी-वसईला, कोणी नाशिकला. त्यांतली बरीच मुले गेट, खिडकीच्या ग्रिल आणि पत्र्याच्या शेड बनवणाऱ्या फॅब्रिकेशनच्या कामावर लागतात. वेल्डिंग शिकायला वेळ लागतो, पण हातातला ग्राइंडर बटण दाबले की सुरू होतो. म्हणून नव्या मुलाच्या हाती बहुधा तोच आधी येतो. दिसायला लहान असले तरी हे यंत्र क्षणात बोट किंवा डोळा घेऊ शकते. म्हणून ते समजून घेऊ या.

चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर चकतीचा ग्राइंडर रिकामा फिरताना मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. त्या वेळी चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. चकती कडक खरखरीत कण, जाळी आणि राळ यांची बनलेली असते. ती फुटली तर तुकडे त्याच वेगाने सुटतात. अशा वेळी माणूस आणि चकती यांच्यामध्ये एकच गोष्ट असते, ती म्हणजे लोखंडी गार्ड.

आणि नेमके हेच गार्ड अनेक ठिकाणी काढून ठेवलेले दिसते. कारणे ठरलेली असतात: कोपऱ्यात मशीन जात नाही, कापायची रेघ दिसत नाही, मोठी चकती बसवायची आहे. पण प्रत्येक चकतीवर तिची फेऱ्यांची कमाल मर्यादा छापलेली असते आणि चकती जितकी मोठी तितकी ती मर्यादा कमी. सात इंची चकतीला ती साधारण ८,५०० असते. तिला लहान मशीनच्या ११,००० फेऱ्यांवर फिरवले, तर ती फुटू शकते. तेव्हा मशीनच्या मापाचीच चकती लावावी. लाकूड कापण्यासाठी दातेरी पाते ग्राइंडरला लावणे तर सर्वांत घातक. दात लाकडात अडकला की मशीन उसळून मांडीवर किंवा गळ्यावर येते.

अनुवाद पुस्तकाच्या २२व्या अध्यायातील ८वे वचन आपल्या ओळखीचे आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घराला लागेल, असे तेथे सांगितले आहे. ही आज्ञा पडणाऱ्याला दिलेली नाही, घर बांधणाऱ्याला दिलेली आहे. ग्राइंडरचे गार्ड हा तसाच कठडा आहे. ते जागेवर आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी आधी मालकाची आणि मिस्त्रीची आहे, मग मुलाची.

काम करताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. चकती बदलताना पिन बोर्डातून काढावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

२. चकतीच्या मधल्या कड्यावरची मुदत पाहावी. तडा गेलेली, पडलेली किंवा पावसात भिजलेली चकती फेकून द्यावी. नवी चकती लावल्यावर माणसांपासून दूर धरून मिनिटभर रिकामी फिरवावी.

३. पातळ चकती फक्त कापण्यासाठी असते. तिच्या बाजूने घासू नये. घासायला जाड चकती वापरावी.

४. बाजूचा दांडा लावून दोन्ही हातांनी मशीन धरावे. चकतीच्या सरळ रेषेत उभे न राहता थोडे बाजूला उभे राहावे.

५. पाइप कापताना तो खाली झुकला, तर काप मिटतो, चकती आवळली जाते आणि मशीन झटका देते. म्हणून पाइप घट्ट बांधावा आणि कापलेला तुकडा मोकळा खाली पडेल असा आधार द्यावा.

६. गॉगल आणि शक्य असल्यास त्यावर तोंडाची ढाल, बंद बूट आणि हाताला घट्ट बसणारे चामडी मोजे घालावेत. गळ्यातला टॉवेल, ओढणी, सैल बाही किंवा मोकळे केस नकोत.

७. ठिणग्या लांबवर उडतात. जवळ पेंढा, थिनर किंवा गॅसची टाकी नसावी. पेट्रोल-डिझेलचा जुना पिंप रिकामा दिसला तरी आत वाफ असते. तो ग्राइंडरने कापू नये.

८. ओल्या जमिनीवर किंवा सोललेल्या वायरवर मशीन चालवू नये. लादी किंवा दगड कापताना नाकातोंडाला धुळीचा चांगला मास्क लावावा. ती धूळ फुप्फुसात कायमची बसते.

इतके करूनही इजा झालीच, तर घाबरू नये. डोळ्यात धातूचा कण रुतला असेल तर डोळा चोळू नये. रुमालाच्या टोकाने किंवा काडीने कण काढण्याचा प्रयत्न करू नये. डोळ्यावर दाब येणार नाही असे झाकण ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. जखमेवर हळद किंवा चुना न भरता स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे. ती पिशवी बर्फावर ठेवावी, बोटाला थेट बर्फ लावू नये. कामावर झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा मजुराला कायद्याने हक्क आहे. म्हणून दवाखान्याचे सर्व कागद जपून ठेवावेत.

मिस्त्रीकाम करणाऱ्या बंधूंना विनंती आहे की, नव्या मुलाला मशीन देण्याआधी गार्ड स्वतः तपासा आणि पहिले दोन दिवस त्याच्याजवळ उभे राहा. गार्ड नसेल तर 'काका, आधी गार्ड लावून द्या' एवढे म्हणण्याचे धैर्य आईवडिलांनी आपल्या मुलांना द्यावे. मुलगा कामाला निघतो तेव्हा मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते. ती जरूर करावी, आणि त्याच दिवशी त्याच्या पिशवीत एक चांगला गॉगलही घालावा.