व्यापाऱ्याचे धन, विद्वानाची सवड

कलकत्त्याच्या ‘शॉ वॉलेस’ या व्यापारी पेढीच्या संस्थापकांपैकी एक, चार्ल्स वॉलेस, १९१६ साली निवर्तले. त्यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीतून १९८१ साली भारत, पाकिस्तान, बांगलादेश व ब्रह्मदेश यांच्यासाठी निरनिराळे विश्वस्तनिधी स्थापन झाले. या भूमीत मिळविलेले धन अशा रीतीने या भूमीच्याच विद्येकडे वळले.

भारताच्या निधीने कलावंत, लेखक व संशोधक यांना ब्रिटनमधील विद्यापीठांत अभ्यागत म्हणून राहण्यासाठी अधिछात्रवृत्ती दिल्या. शिष्यवृत्ती आणि ही वृत्ती यांत भेद आहे. विद्यार्थी पदवीसाठी जातो. अभ्यागताला पदवी नको असते, सवड हवी असते. निर्वाहाची चिंता मिटली, ग्रंथालय खुले झाले आणि समानधर्मी विद्वानांचा सहवास लाभला, की नोकरीच्या धबडग्यात वर्षानुवर्षे रेंगाळलेले काम काही महिन्यांत मार्गी लागते. इतिहाससंशोधकाला तर ईस्ट इंडिया कंपनीची दप्तरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत प्रत्यक्ष चाळता येतात.

मात्र तेथून आणलेली टिपणे पेटीतच राहिली, तर तो प्रवास एकट्याचाच ठरतो. ती वर्गात, ग्रंथात वा रंगमंचावर उतरली, म्हणजेच त्या सवडीचे ऋण फिटले असे म्हणता येईल.