दूध पचवणारं एक अक्षर

कोजागिरीच्या रात्री डोंबिवलीतल्या सोसायटीच्या गच्चीवर एकाच पातेल्यातलं मसाला दूध सगळ्यांच्या पेल्यात पडतं. कुणी तीन पेले रिचवून शांत झोपतं, तर कुणाचं पोट पहाटेपर्यंत गुरगुरत राहतं. दोष दुधाला जातो, नाहीतर ‘नाजूक पोटा’ला. खरं कारण बहुतेकदा दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या डीएनएच्या एका अक्षरात असतं!

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. म्हशीच्या पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर दुधात ती साधारण 10 ग्रॅम असते. लहान आतड्यातलं लॅक्टेज हे विकर तिचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करतं, तेव्हाच ती रक्तात शिरते. लॅक्टेज कमी पडलं की साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते, आणि तिथले जिवाणू ती आंबवून हायड्रोजन तयार करतात. तो हायड्रोजन रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतो. म्हणून दूध पचतं की नाही हे डॉक्टर चक्क श्वास तपासून सांगू शकतात.

तान्ह्या बाळाकडे लॅक्टेज भरपूर असतं. अंगावरचं दूध सुटलं की सस्तन प्राण्यांमध्ये ते हळूहळू ओसरतं. माणसाचंही मुळात तसंच, आणि जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांचं आजही तसंच आहे. म्हणजे मोठेपणी दूध न पचणं हा आजार नव्हे, तीच जुनी रीत. नवल आहे ते पचवणाऱ्यांचं.

त्या नवलाचा उलगडा 2002 साली जनुकशास्त्रज्ञ लीना पेल्टोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडमधल्या कुटुंबांचा अभ्यास करून केला. लॅक्टेजच्या जनुकात त्यांना फरक सापडला नाही. तो सापडला तिथून जवळजवळ 14 हजार, नेमकं सांगायचं तर 13,910 अक्षरं अलीकडे, एमसीएम6 नावाच्या शेजारच्या जनुकात. तिथे ‘सी’च्या जागी ‘टी’ आला होता. या शेजाऱ्याचा दुधाशी काडीचा संबंध नाही. पेशी विभागताना डीएनएची प्रत काढायला तो मदत करतो. आपल्या घरातल्या दिव्याचं बटण शेजारच्या भिंतीवर असावं, तसा हा प्रकार. ‘टी’ असेल तर त्या जागी काही प्रथिनं अधिक घट्ट बसतात आणि लॅक्टेजचं जनुक म्हातारपणापर्यंत चालू राहतं. तीन अब्ज अक्षरांतलं एक बदललं, आणि माणसाच्या ताटात एक नवं अन्न आलं.

हे अक्षर आपल्याला दोनदा मिळतं, एक आईकडून, एक वडिलांकडून. दूध पचायला एक ‘टी’ पुरतो. पण आई-वडील दोघांकडेही ‘टी’च्या जोडीला एकेक ‘सी’ असेल, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही ‘सी’ मिळण्याची शक्यता चारात एक. पहिल्या मुलाला काय मिळालं, याचा दुसऱ्याशी संबंध नाही. ‘आमच्या घराण्यात असं कुणालाच नाही’ या वाक्याला म्हणूनच अर्थ उरत नाही. ‘सी’ पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप चालत येतो आणि एखाद्या नातीत उघड होतो.

भारतात या अक्षराचा प्रवास फार सुंदर दिसतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज सहभागी होते, देशभरातल्या दोन हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासले गेले. ‘टी’ वायव्येला जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. नीलगिरीतल्या म्हशी पाळणाऱ्या तोडांमध्ये मात्र भरपूर. शिवाय आपला ‘टी’ आणि युरोपातला ‘टी’ एकाच मुळाचा निघाला! त्याआधी 1981 च्या एका अभ्यासात दूध न पचणाऱ्यांचं प्रमाण उत्तरेत सुमारे 27 टक्के, तर दक्षिणेत 67 टक्के आढळलं होतं.

आता कल्याणहून सुटणारी लोकल डोळ्यांपुढे आणा. फाळणीनंतर उल्हासनगरात वसलेल्या सिंधी कुटुंबांतली माणसं, डोंबिवलीतले तमिळ आणि मल्याळी, कोकणातले, घाटावरचे, भात-मासळीवर वाढलेले इथले मूळचे आगरी-कोळी, सगळे एका डब्यात. ‘टी’चा देशभर पसरलेला तो चढ-उतार इथे खांद्याला खांदा लावून उभा असतो. पण आडनावावरून कुणाच्या पोटाचा अंदाज बांधू नये, कारण दोन्ही अक्षरं जवळजवळ प्रत्येक समाजात आहेत.

दह्या-ताकाची गोष्ट वेगळी. विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात, आणि उरलेलं फोडायला त्यांचं स्वतःचं विकर आतड्यातही कामी येतं. तुपात तर लॅक्टोज जवळपास नसतंच. दोन ‘सी’ असलेल्यांपैकी अनेकांना जेवणासोबत थोडं दूधही चालून जातं.

तेव्हा घरातलं मूल दुधाच्या पेल्यापासून पळत असेल आणि रोज पोट दुखतं म्हणत असेल, तर त्याला रागावू नका. डॉक्टरांना विचारा, वाटीभर दही देऊन पाहा आणि कॅल्शियमची काळजी करत असाल तर नाचणीची भाकरी करा: 100 ग्रॅम नाचणीत 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण 120.