शंका घेणारं गिऱ्हाईक

दुकानदारांच्या बॅचमध्ये हमखास येणारा प्रश्न : 'सर, एवढी जाहिरात करतो, तरी लोकांचा विश्वास का बसत नाही?'

अहो, बसणार कसा? सकाळी मोबाईल उघडल्यापासून रात्रीच्या मॅचपर्यंत लोकांवर ऑफरचा मारा चाललाय. गिऱ्हाईक शहाणं झालंय, आणि मला तरी ते बरंच वाटतं.

दुसऱ्याच्या दुकानात गेलो की मीही पक्का संशयी. '५०% पर्यंत सूट' दिसलं की नजर 'पर्यंत'वर जाते. 'दोनावर एक फ्री' म्हणजे ३३ टक्के सूट, तीही तिन्ही लागणार असतील तरच. ५०० ग्रॅमच्या पुड्यावर '२०% जादा मोफत' म्हणजे त्याच किमतीत ६०० ग्रॅम. हिशेब करा, ग्रॅममागे सूट १७ टक्क्यांच्या आतच बसते. खोटं काही नाही हं! आकडा मोठा दिसेल असा मांडलाय, एवढंच. म्हणून मी पुड्यावरची युनिट सेल प्राइस, म्हणजे ग्रॅममागचा भाव, आधी बघतो.

ऑनलाइन 'शेवटचे २ नग' असं खोटंच दाखवून घाई करायला लावणं तर नियमातच बसत नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये असे १३ डार्क पॅटर्न नावानिशी सांगितलेत. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. तक्रारीसाठी १९१५ लावायचा.

आता आपल्या काउंटरचं. कुणी विचारलं, 'भाव वाढवून सूट देत नाही ना?' तर चिडू नका, मागच्या महिन्याचं बिल काढून दाखवा. आणि आपल्या बोर्डावरचं 'फक्त आजच' किती दिवसांपासून लटकतंय, तेही एकदा बघून घ्या.