एका नावाचे चार ताप

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता आणि माझ्या भाच्याला ताप भरला. रक्ततपासणीत डेंग्यू निघाला. घरचे काळजीत, पण तो मात्र निवांत. मला फोनवर म्हणाला, "मामू, घाबरू नका. कॉलेजात असताना मला डेंग्यू होऊन गेलाय. शरीराला त्याची ओळख आहे. या वेळी सौम्यच जाईल." मला ते पटलं. गोवर-कांजिण्यांच्या बाबतीत आपण लहानपणापासून हेच ऐकत आलो आहोत.

पाचव्या दिवशी ताप उतरला. आपानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, त्याच्यासाठी मऊ खिचडी टाकली. संध्याकाळी त्याचं पोट दुखू लागलं, पाठोपाठ उलट्या झाल्या आणि हातपाय गार पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "याला आधी कधी डेंग्यू झाला होता का?" आम्ही जरा उत्साहानंच "हो" म्हणालो. डॉक्टर गंभीर झाले. तीन दिवस तो अतिदक्षता विभागात होता. सुदैवानं बरा झाला. पण तो प्रश्न माझ्या मनात राहिला. आम्ही ज्याला ढाल समजत होतो, त्याची डॉक्टरांना काळजी का वाटावी?

मी कवितेतला माणूस. शिक्षण बी.ए., विषय मराठी. विज्ञानाशी संबंध दहावीलाच सुटलेला. तरी जाणकारांना विचारत गेलो, वाचत गेलो. त्यातून जे उमगलं ते आज तुम्हांला सांगतो.

डेंग्यू हे नाव एक, पण त्याचे विषाणू चार. शास्त्रज्ञ त्यांना डेंग्यू-१, २, ३ आणि ४ म्हणतात. चौघंही डासाच्या मादीमार्फतच येतात आणि चौघांचा ताप दिसायला सारखाच असतो. एकाची लागण होऊन गेली, की त्या प्रकारापासून बहुधा जन्मभराचं संरक्षण मिळतं. उरलेल्या तिघांपासून मिळणारं संरक्षण मात्र काही महिन्यांचंच असतं.

धोका त्यापुढे सुरू होतो. पहिल्या तापात शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकारच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांच्या आधारानं तो आपल्याच पांढऱ्या पेशींत सहज शिरतो आणि तिथंच वाढतो. शिपायानं चोराला पकडून ठाण्यात आणावं आणि चोरानं ठाण्यातच बिऱ्हाड थाटावं, तसला हा प्रकार. मग रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, रक्तदाब घसरतो. स्कॉट हॉलस्टेड या अमेरिकी डॉक्टरांनी १९६० च्या दशकात बँकॉकमधल्या मुलांच्या आजारावरून हा विचार पुढे मांडला. दुसऱ्या वेळी प्रत्येकाचंच असं होतं असं नाही. बहुतेक जण दुसऱ्या डेंग्यूतूनही नीट बरे होतात. पण तीव्र आजाराची शक्यता वाढते, हे खरं.

याचा मोठा दाखला क्यूबात मिळाला. १९७७ मध्ये त्या बेटावर डेंग्यू-१ ची साथ आली आणि जवळजवळ निम्म्या लोकांना लागण झाली. आजार सौम्य होता. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, डेंग्यू-२ आला. या वेळी ३ लाख ४४ हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि १५८ जण दगावले. त्यात १०१ मुलं होती. पुढे १९९७ मध्ये सांतियागो द क्यूबा या शहरात डेंग्यू-२ पुन्हा उगवला. तेव्हा तीव्र आजारी पडले ते जवळपास सगळे प्रौढ होते. १९७७ च्या साथीनंतर जन्मलेली मुलं बचावली, कारण त्यांच्या शरीरात डेंग्यू-१ ची आठवणच नव्हती. वीस वर्षांनंतरही ती जुनी आठवण मोठ्यांना महागात पडली.

पण गोष्ट इथं संपत नाही. पेरू देशात अॅमेझॉनच्या काठी इकितोस नावाचं शहर आहे. तिथं १९९० मध्ये डेंग्यू-१ आला आणि १९९५ मध्ये डेंग्यू-२. क्रम अगदी क्यूबासारखाच. डॉक्टर धास्तावले होते. प्रत्यक्षात तीव्र आजाराचे रुग्ण आढळलेच नाहीत. असं का व्हावं? कारण इकितोसचा डेंग्यू-२ 'अमेरिकन' वाणाचा होता आणि क्यूबात १९८१ मध्ये आलेला आशियाई वाणाचा. डेंग्यू-१ ची प्रतिपिंडं अमेरिकन वाणाला बऱ्यापैकी आवर घालू शकतात, असं पुढे प्रयोगशाळेत दिसलं. म्हणजे क्रमांक सारखा असला तरी वाण वेगळा असू शकतो, आणि वाणागणिक आजाराचा कल बदलतो.

हे वाण निर्माण कसे होतात? मला इथं जुने कातिब आठवतात. हातानं दिवान उतरवून काढणाऱ्या या लेखनिकांकडून एखादा नुक्ता सुटायचा, एखादा शब्द बदलायचा आणि पुढचा कातिब ती चूकही इमानानं उतरवायचा. डेंग्यूच्या विषाणूचा मजकूर सुमारे १० हजार ७०० अक्षरांचा, आरएनएमध्ये लिहिलेला. त्याच्या नकला होताना तपासायला मुद्रितशोधक नसतो. बहुतेक चुका वाया जातात, काही टिकतात, आणि वर्षानुवर्षांनी वेगळा वाण उभा राहतो.

जिथं डेंग्यू कायमचाच वस्तीला आहे, तिथं हा खेळ अखंड चालतो. एखाद्या प्रकाराचा काही वर्षं जोर असतो. लोकांत त्याच्याविरुद्ध संरक्षण वाढलं, की दुसरा डोकं वर काढतो. आपल्याकडेही हेच झालं आहे. भारतात १९५६ पासून मिळालेल्या डेंग्यू-२ च्या नमुन्यांचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं केला. १९७१ पर्यंत आपल्याकडे प्रामुख्यानं तोच 'अमेरिकन' वाण होता. नंतर त्याची जागा 'कॉस्मोपॉलिटन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाणानं घेतली. १९९६ मध्ये दिल्लीत १० हजारांहून अधिक लोकांना आजारी पाडणारी आणि चारशेवर बळी घेणारी साथ याच वाणाची होती.

लस बनवणं अवघड होतं तेही यामुळेच. चौघांपासून सारखं संरक्षण मिळालं नाही, तर लसच पहिल्या तापासारखी वागू शकते. फिलिपीन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांवर मुलांना लस दिली गेली. ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता, त्यांना पुढे तीव्र आजाराचा धोका वाढू शकतो, हे २०१७ च्या नोव्हेंबरात लस बनवणाऱ्यांनीच जाहीर केलं आणि मोहीम थांबली. भारतात बनवलेल्या, चारही प्रकारांवरच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. तिथं घाई करून चालत नाही, हे आता कळलं असेल.

आपल्या हाती काय आहे? नेहमीच्या तपासणीत डेंग्यू आहे की नाही एवढंच कळतं, प्रकार कळत नाही. म्हणून आधी डेंग्यू झाला असेल तर तो कोणत्या वर्षी, हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना न विचारता सांगा. ताप उतरतो त्या सुमारासचे एक-दोन दिवस सर्वांत जपण्याचे. पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा किंवा गुंगी दिसली, तर ताप नसला तरी लगेच दवाखाना गाठा. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका. आणि घरातलं साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून भांडी घासून कोरडी करा. वाण कोणताही असो, डासाशिवाय त्याचं चालत नाही.

माझ्या भाच्याच्या पाकिटात आता एक चिठ्ठी असते. तिच्यावर दोन सालं लिहिलेली आहेत. आणि दर पावसाळ्यात आपाच्या घरी रविवारी सकाळी पिंप रिकामं करायचं काम त्याचंच असतं.