मोटारीची स्मृति

चैत्रांत रामनवमीच्या यात्रेस वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनार्थ दूरदूरचे यात्रेकरू मोटारींनीं येतात. वऱ्हाडचें ऊन माणसाप्रमाणें बॅटरीलाहि बाधतें. उष्णतेनें तिच्यांतील पाणी आटतें, शिशाच्या प्लेटा झिजतात, आणि ऐन परतीच्या वेळीं एंजिन सुरू होत नाहीं. जुनी बॅटरी काढून नवी बसविली कीं काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. पण आजच्या मोटारीला स्मरणशक्ति असते. घड्याळाची वेळ, रेडिओचीं स्थानकें, एंजिनाच्या मंद गतीचा शिकलेला हिशेब यांपैकीं बरेंच कांहीं बॅटरीच्या अखंड प्रवाहावर टिकतें. प्रवाह तुटला कीं तें पुसलें जातें. कांहीं रेडिओ तर सांकेतिक अंक दिल्यावांचून बोलतच नाहींत.

यावर उपाय आहे. किल्ली बंद ठेवून १२ व्होल्टची दुसरी बॅटरी घ्यावी. तिची धन तार मोटारीच्या धन केबलाच्या टोकास व ऋण तार एंजिनाच्या उघड्या धातूस जोडावी. मग जुन्या बॅटरीची ऋण केबल आधीं व धन मागाहून सोडवावी. नवीला धन आधीं, ऋण शेवटीं लावावी. मात्र सुटलेल्या धन केबलांत या वेळीं प्रवाह असतो. ती धातूस लागली तर ठिणगी उडून आग लागूं शकते. म्हणून तिला कोरडें रबर गुंडाळावें. ज्यांस हें धोक्याचें वाटेल, त्यांनीं सांकेतिक अंक आधीं टिपून घेऊन प्रवाह खुशाल तुटूं द्यावा. घड्याळ पुन्हां लावतां येतें. भाजलेला हात तितक्या सहज बरा होत नाहीं.