ट्रॅक्टरवरील इशाऱ्याचे दिवे, रोजची निगा व पावसाळ्यातील साठवण

बैल आजारी पडला की तो वैरणीला तोंड लावीत नाही, कान पाडतो, रवंथ थांबवितो. ही लक्षणे ओळखावयास आपल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. ट्रॅक्टरलाही आपले दुखणे सांगता यावे अशी योजना केलेली असते. चालकासमोरील फलकावर जे लहान दिवे व काटे असतात तीच ही योजना होय. परंतु बैलाचे लक्षण दिसताच जू उतरविणारा शेतकरी ट्रॅक्टरचा दिवा लागला असताही तास पुढे चालू ठेवतो, असा अनुभव वारंवार येतो.

गेल्या वर्षी मृग नक्षत्रात माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावी घडलेली हकीकत येथे सांगणे अगत्याचे वाटते. पहिला पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला होता. सोयाबीनच्या पेरणीपूर्वी एक शेतकरी बंधू रोटाव्हेटर चालवीत होते. बांधावर बसलेला मुलगा पाणी घेऊन जवळ गेला तेव्हा त्याच्या ध्यानात आले, आणि तो म्हणाला, “अण्णा, लाल दिवा लागलाय.” वडिलांनी उत्तर दिले, “एवढा तुकडा होऊ दे, मग बघू.” तुकडा पुरा झाला नाही. इंजिन खडखडले आणि जागच्या जागी जाम झाले. चार दिवसांपूर्वी ऑइल बदलताना तळाचे बूच नीट आवळले गेले नव्हते व तेल थेंबथेंब गळत होते. दुरुस्तीचा खर्च तर झालाच, परंतु त्याहून मोठी हानी अशी की, सारे गाव पेरणीत गुंतले असता भाड्याचा ट्रॅक्टर मिळेना व वाफसा निघून गेला. बुचाची किंमत ती काय, आणि गेलेल्या हंगामाची किंमत ती काय!

या प्रसंगातून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. लाल दिवा लागताच काम तत्काळ थांबविले पाहिजे, हा पहिला. आणि दिवा हा यंत्राचा पहिला नव्हे तर शेवटचा निरोप असतो, म्हणून दिवा लागेपर्यंत वाट पाहू नये, हा दुसरा.

दिव्यांची रोजची परीक्षा

सकाळी किल्ली फिरवावी, परंतु लगेच सेल्फ मारू नये. या वेळी तेलाचा दिवा व बॅटरीचा दिवा लागलेच पाहिजेत. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत ते विझले पाहिजेत. किल्ली फिरवूनही दिवा लागला नाही, तर सर्व ठीक आहे असे कित्येक जण समजतात. ही समजूत घातक आहे. न लागणारा दिवा म्हणजे मुका झालेला राखणदार होय. बल्ब गेला असेल, तार तुटली असेल किंवा फ्यूज उडाला असेल; तो दोष त्याच दिवशी दूर करून घ्यावा.

दिव्यांच्या रंगांचा अर्थ सर्वसाधारणपणे असा समजावा. लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळा दिवा म्हणजे काम आटोपते घ्या व लवकर तपासणी करा. हिरवा अथवा निळा दिवा म्हणजे एखादी सोय चालू आहे एवढेच. प्रत्येक ट्रॅक्टरच्या खुणा थोड्याफार निराळ्या असतात, म्हणून सोबत मिळालेली पुस्तिका घरात जपून ठेवावी.

तेलाच्या दाबाचा दिवा

तेलाच्या झारीचे चित्र असलेला हा दिवा सर्वांत महत्त्वाचा आहे. इंजिनात फिरणारे भाग प्रत्यक्ष एकमेकांवर घासत नाहीत. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. तेलाचा पंप तो थर दाबाने टिकवून धरतो. दाब गेला की धातूवर धातू घासतो, उष्णता वाढते व बेअरिंग जळतात. यास तास लागत नाहीत, काही मिनिटे पुरतात. शिवाय हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तर दाब गेला हे सांगतो. तेल कमी होत आले तरी पंपास तेल मिळेतोपर्यंत दिवा शांतच राहतो. म्हणून डिपस्टिक, म्हणजे तेल मोजण्याची पट्टी, हीच खरी आधीची सूचना देते.

हा दिवा चालू कामात लागला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. थोडा वेळ थांबून पट्टी पाहावी. तेल कमी असल्यास गळती शोधावी व योग्य प्रतीचे तेल खुणेपर्यंत भरावे. तेल बरोबर असूनही दिवा विझत नसेल तर फिल्टर तुंबलेला असेल, डिझेल मिसळून तेल पातळ झाले असेल, बेअरिंग झिजले असतील अथवा केवळ तार सैल असेल. यांपैकी काय ते मिस्त्रीने दाब मोजून ठरवावे. “तारच सैल असेल” असे मनाशी ठरवून ट्रॅक्टर हाकू नये.

बॅटरीचा दिवा

चालू इंजिनावर हा दिवा लागला म्हणजे बॅटरी भरली जात नाही. पुष्कळांना वाटते की, बॅटरीचेच काम आहे, संध्याकाळी पाहू. परंतु अनेक ट्रॅक्टरांत आल्टर्नेटर, पंखा व पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला असेल तर प्रथम हा दिवा लागतो आणि पाठोपाठ इंजिन तापते. म्हणून थांबून आधी पट्टा पाहावा. दोन चाकांच्या मध्यभागी अंगठ्याने दाबले असता पट्टा साधारण १२ ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. फार सैल पट्टा घसरतो, तर फार ताणलेला पट्टा बेअरिंग खातो.

उष्णतेचा काटा

काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला की अवजार उचलून भार कमी करावा. पाणी व पट्टा शाबूत असल्यास इंजिन काही वेळ संथ चालू ठेवावे, म्हणजे उष्णता सारखी उतरते. पाणी सांडून गेले असेल किंवा पट्टा तुटला असेल तर मात्र इंजिन लगेच बंद करावे.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने ते १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण उघडताच दाब सुटतो व उकळते पाणी आणि वाफ तोंडावर उसळते. त्याचप्रमाणे तापलेल्या इंजिनात विहिरीचे थंड पाणी ओतू नये, कारण त्यामुळे हेडला चीर पडण्याचा संभव असतो. मळणीच्या दिवसांत भुसा व धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते आणि इंजिन तापण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. जाळी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूस हवा मारून स्वच्छ करावी.

एअर क्लीनरची सूचना

धूळ हा इंजिनाचा शत्रू आहे. ज्या एअर क्लीनरमध्ये तेलाची वाटी असते, तेथे तेल दाट झाले किंवा तळाशी गाळ बसला की वाटी धुऊन खुणेपर्यंत नवे तेल भरावे. धुळीच्या कामात हे रोज पाहावे. कोरड्या प्रकारच्या क्लीनरमध्ये कागदी गाळणी असते. तुंबल्याची सूचना मिळताच बाहेरची गाळणी काढून हलकेच झटकावी व आतून बाहेर अशी कमी दाबाची हवा मारावी. ती डिझेलने धुऊ नये. आतील लहान गाळणी विनाकारण काढू नये.

५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक निकष लागू झाले. त्यामुळे या वर्गातील अनेक नव्या ट्रॅक्टरांत डिझेलचा पुरवठा विजेच्या यंत्रणेने नियंत्रित होतो व इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. तो लागल्यास तारांशी खटपट न करता अधिकृत तंत्रज्ञास दाखवावे. अशा ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि विजेच्या जोडांवर जोराच्या पाण्याची धार मारू नये.

दिवा लागण्यापूर्वी करावयाची कामे

रोज सकाळी, इंजिन थंड व ट्रॅक्टर सपाट जागी असताना, पुढील गोष्टी पाहाव्यात. दहा मिनिटांत हे काम होते.

१. पट्टीवरील तेल दोन खुणांच्या मध्ये आहे काय, व जमिनीवर तेलाचा डाग आहे काय.
२. रेडिएटरमधील पाणी पुरेसे आहे काय.
३. एअर क्लीनर स्वच्छ आहे काय.
४. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचले आहे काय. असल्यास बूच सैल करून काढून टाकावे.
५. टायरमधील हवा. सर्वसाधारणपणे पुढील टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १.५ ते २.५ किलो व मागील टायरमध्ये ०.८ ते १.५ किलो दाब ठेवतात. शेतात कमी, तर रस्त्यावरील वाहतुकीस अधिक दाब असावा.
६. चिखलणीनंतर निपलांतून नवे ग्रीस भरून आतील चिखल बाहेर काढावा.

डिझेलची टाकी सायंकाळी भरून ठेवण्याची सवय उत्तम. रिकाम्या टाकीतील हवेत रात्री दव धरते व ते पाणी डिझेलमध्ये उतरते.

यापुढील निगा तासांच्या मीटरप्रमाणे करावी. अनेक ट्रॅक्टरांत इंजिनाचे तेल व तेलाचा फिल्टर सुमारे २५० तासांनी बदलावयाचा असतो. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल मात्र ५० तासांच्या सुमारास बदलतात. नेमके तास पुस्तिकेत पाहावेत. तेल बदलल्यावर बूच आवळले काय, हे मिस्त्रीने सांगितले तरी स्वतः पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा पाहावी.

पावसाळ्यातील साठवण

आषाढात पेरण्या आटोपल्या की काळ्या जमिनीच्या भागात ट्रॅक्टर आश्विनापर्यंत बहुधा उभाच असतो. चालण्याने यंत्र झिजते हे खरे. परंतु निष्काळजीपणे उभे ठेवल्याने ते त्याहून लवकर बिघडते.

प्रथम ट्रॅक्टर धुऊन वाळवावा व सर्व निपलांत ग्रीस भरावे. जुन्या तेलात आम्ल साचलेले असते, म्हणून तेल बदलावयाचे झाले असल्यास ते साठवणीनंतर नव्हे, तर साठवणीपूर्वी बदलावे व इंजिन थोडा वेळ चालवून नवे तेल सर्वत्र पोहोचवावे. डिझेलची टाकी भरावी. अवजार सोडून हायड्रॉलिकचे हात खाली टेकवावेत. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालावा.

ओलसर हवेत क्लचप्लेट गंजून चिकटते. यासाठी क्लचचे पायदान दाबलेल्या स्थितीत आकड्याने अथवा लाकडाच्या ठोकळ्याने अडकवून ठेवावे. शक्य असल्यास आसाखाली ठोकळे देऊन टायरवरील भार काढावा.

बॅटरी काढताना ऋण तार आधी सोडावी व बसविताना ती शेवटी जोडावी. बॅटरी कोरड्या जागी ठेवून महिन्यातून एकदा भरून घ्यावी. पाणी भरण्याची सोय असलेल्या बॅटरीत पाट्यांवर १० ते १५ मिलिमीटर पाणी राहील इतके शुद्ध पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, घालावे. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्रावाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२८ असते. बॅटरी भरताना ज्वालाग्राही वायू निघतो. जवळ विडी अथवा काडी पेटवू नये.

ट्रॅक्टरच्या छपरात खताची पोती ठेवू नयेत. खत हवेतील ओल ओढते व लोखंड गंजविते. धान्य सांडलेले असेल तर उंदीर येतात व तारा कुरतडतात. काही बंधू दर आठवड्यास पाच मिनिटे इंजिन चालवितात, परंतु तेवढ्याने इंजिन तापत नाही व आत ओल मात्र धरते. चालवावयाचेच असेल तर उष्णतेचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत चालवावे.

हंगामाच्या आरंभी सायलेन्सरवरील डबा काढावा. एअर क्लीनरमध्ये उंदराचे घरटे नाही ना, तारा शाबूत आहेत ना, हे पाहावे. तेल, पाणी व टायर तपासावेत, फिल्टरमधील पाणी काढावे व क्लच मोकळा करावा. ज्या ट्रॅक्टरांत इंजिन बंद करण्याची दांडी आहे, तेथे ती ओढून धरून सेल्फ थोडा फिरवावा, म्हणजे तेल वर चढते. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक मारू नये व दोन वेळांत अर्धा मिनिट विश्रांती द्यावी. इंजिन सुरू होताच दिवे विझले याची खात्री करूनच वेग वाढवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

प्रात्यक्षिकाच्या वेळी किल्ली फिरवून दिव्यांची परीक्षा प्रत्येक चालकाकडून स्वहस्ते करवून घ्यावी. ट्रॅक्टर वडिलांच्या नावे असला तरी चालविणारा बहुधा मुलगा किंवा गडी असतो. म्हणून माहिती मालकास सांगून थांबू नये. अवजारे बँकेच्या ट्रॅक्टरसोबत एक वही ठेवावी व तीत तास, तेल आणि दिसलेले दोष यांची नोंद व्हावी. ज्या तरुणांना अधिक शिकावयाचे असेल त्यांना मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेची माहिती द्यावी. तेथे १९५५ पासून ट्रॅक्टरविषयक प्रशिक्षणाचे कार्य चालत आले आहे.

शेतकरी बंधूंनो, मुलाने दिवा लागल्याचे सांगितले तर त्यास गप्प करू नका. तास तेथेच थांबवा, खाली उतरा व पट्टी पाहा. राहिलेला तुकडा उद्या होईल. गेलेला वाफसा परत येत नाही.